कुंभारीच्या मांडवात ‘धोटा’

नाशिकला परत येऊन आठवडा झाला तरी माझी मान दुखतेच आहे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक विचारतं, “काय हो, झोपेत अवघडली का?” मी हो म्हणून मोकळा होतो. चौपन्नाव्या वर्षी मान नेमकी कशानं दुखतेय हे खरं सांगितलं, तर माणूस डोळे तपासून घ्यायचं सोडून मलाच डोकं तपासून घ्यायला सांगेल.

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी ग्रूव्ह मेटल ऐकतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण गेली तीस वर्षं त्या एकाच काउंटरमागे नांदताहेत. मेटल म्हटलं की लोकांना नुसता वेग आणि आरडाओरडा आठवतो. ग्रूव्ह मेटलवाल्यांनी त्या वेगाचा लगाम खेचला. गिटारच्या तारा सैल करून आवाज पार पोटात उतरवला, चाल जड केली आणि ठोके असे अडखळत टाकले की ऐकणाऱ्याची मान त्याला न विचारता हलायला लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका चौकडीचं सगळ्यात गाजलेलं गाणं, किंवा ब्राझीलच्या पोरांनी जंगलात राहणाऱ्या लोकांच्या तालवाद्यांबरोबर बसून केलेली ती तबकडी, हे मी कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकलं आणि तेव्हापासून बिघडलो तो बिघडलोच. नावं लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी एव्हाना ओळखली असतील, आणि बाकीच्यांना नावानं काही फरक पडत नाही.

तर गेल्या पावसाळ्यात फोनवर एक चित्रफीत समोर आली. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये उभे असलेले तिघं. मधे जाड फ्रेमचा चष्मा लावलेली, गळ्यात बेस गिटार अडकवलेली मुलगी. गाण्याचं नाव ‘आडवा धागा’, बँडचं नाव ‘धोटा’, गाव सोलापूर. मुलीनं तोंड उघडलं आणि आतून जो आवाज आला, त्यानं माझ्या हातातली काच खाली पडली. मी त्यांना लिहिलं, उलट उत्तर आलं: “या की काका. संक्रांतीनंतर सोलापूरजवळ कुंभारीत कार्यक्रम हाय.” बायको म्हणाली, “जाताच आहात तर दोन चादरी आणा.” प्रवासाला एवढं कारण पुरलं.

शेड

स्टेशनवर बँडचा गिटारवाला इरफान मोटरसायकल घेऊन आला होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घरात दखनी आणि बाहेर मराठी बोलतो, आणि दोन्हींत वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावतो. मला मात्र वयाकडे बघून त्यानं सूट दिली. “हौ काका, बसा. आधी नाष्टा, मग सुवर्णाच्या शेडला जाऊ.”

नाष्टा म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आमच्याकडे भाकरी कडक झाली तर सून बदनाम होते; इथं ती मुद्दाम कडक करतात आणि पापडासारखी मोडून खातात. चटणीवर दही घेतल्याशिवाय माझा निभाव लागला नाही. आम्ही नाशिककर तिखट खातो असा माझा जो समज होता तो मी तिथंच ठेवून उठलो.

सुवर्णा, म्हणजे चित्रफितीतली ती चष्मेवाली मुलगी, शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करते. तिचं काम संगणकावर चादरींची नक्षी काढायचं. त्या नक्षीप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे मागाच्या डोक्यावर साखळीनं फिरतात आणि खाली चादरीत मोर किंवा फुलं उमटतात. दाराशी ती मला घ्यायला आली आणि काहीतरी बोलली. मला ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. आत माग चालू होते. तो आवाज कानानं ऐकायचा नव्हताच. तो पायांतून वर यायचा आणि बरगड्यांत भरायचा. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारा नावेच्या आकाराचा लाकडी ठोकळा, इकडून तिकडे फेकला जात होता आणि दर फेकीला सगळी फरशी थरथरत होती. मी दारातच उभा राहिलो. ज्या आवाजासाठी तीस वर्षं स्पीकर बदलत आलो, तो इथं सकाळपासून कामाला जुंपलेला होता.

इरफान पलीकडच्या टोकाला पोचला होता. मी त्याला बोलावायला हात वर केला. माझ्या जवळचा माग खाडकन थांबला. मग त्याच्या पलीकडचा. मिशीवाले एक गृहस्थ मागामागून डोकावले आणि माझ्याकडे प्रश्नार्थक बघायला लागले. सुवर्णा पोट धरून हसत होती.

बाहेर आल्यावर तिनं समजावलं. “काका, आत कुणाला काय ऐकू येत न्हाय. सगळं बोलणं हातानं आन् ओठानं. तळवा वर दिसला की माग थांबवायचा. धागा तुटलाय, कुणाचं बोट अडकलंय, काय बी असंल. इचार करायचा न्हाय, आदी थांबवायचं. आमचा हात आपोआप दांड्यावर जातो.”

मग तिनं मला आणखी खुणा शिकवल्या. दोन तर्जन्या जुळवून झटक्यात वेगळ्या केल्या की धागा तुटला. मूठ पुढं ढकलली की माग चालू कर. बोटं एकामागून एक खाली सोडली की नक्षी, कारण पुठ्ठे तसेच पडतात. आणि शेवटची खूण मला फार आवडली. छातीवर हात ठेवायचा आणि मग तोच हात शेजाऱ्याच्या मागाकडं न्यायचा. चालू माग सोडून कुणी जात नाही. कुणाला पाणी प्यायला जायचं असलं तर त्याचा शेजारी ही खूण करतो. जा तू, माग मी बघतो.

“माझ्या नायनांची ही खूण अख्ख्या शेडला पाठ होती,” ती म्हणाली. नायना म्हणजे वडील; घरी हे लोक तेलुगू बोलतात. “कुणालाबी पाणी प्यायचं असलं की नायनांच्या शेजारचा माग मागून घ्यायचे.”

वडील राजय्या यांनी जन्मभर माग चालवले आणि त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. लेकीचं गाणं त्यांनी कधीच ऐकलेलं नाही. पण पाहिलेलं आहे. दिवाळीत कुणीतरी कौतुकानं त्यांना फोनवर ती चित्रफीत दाखवली. आवाज नसलेल्या त्या चित्रात त्यांना काय दिसलं असेल? गळ्याच्या शिरा फुगलेली, दात दाखवत किंचाळणारी आपली मुलगी. कुणाला तरी शिव्या देत असल्यासारखी. तेव्हापासून ते तिच्याशी बोललेले नाहीत. आणि हातानं बोलणाऱ्या माणसाचा अबोला साधा नसतो. ते तिच्याकडे बघतच नाहीत.

“कुंभारीतला कार्यक्रम आमच्याच वसाहतीत हाय,” सुवर्णा म्हणाली. “घरासमोर. तितं बी न्हाय आले, तर मग मी सोडणार हाय काका. भांडून न्हाय. पर असं गाऊन मला घरात जेवण जात न्हाय.”

हे ऐकून इरफान बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

शिफ्ट संपल्यावर त्यांनी गोदामात एक गाणं वाजवून दाखवलं. चारी भिंतींना छतापर्यंत चादरींचे गठ्ठे. आवाज असा शोषून घेणारे की पुण्या-मुंबईच्या स्टुडिओवाल्यांनी बघून जावेत. सुवर्णाचा बेस सुरू झाला आणि मी हळूच एका गठ्ठ्यावर बसलो. मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच ओळीत, आणि तो आवाज एवढ्याशा मुलीच्या आत कुठे मावतो हे मला अजूनही कळलेलं नाही. एवढं खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. चादरींच्या धुळीचं असेल असं मी इरफानला सांगितलं.

मंद्रूप

दुसऱ्या दिवशी ड्रमवाला बिरू मला त्याच्या गावी घेऊन गेला. मंद्रूपला त्याची थोडी शेती आणि चुलत्यांची मेंढरं आहेत. तो स्वतः सोलापुरात विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. ज्वारी हुरड्यात आली होती. शेतात आगटी पेटवलेली, कणसं भाजून हातावर चोळलेली, गरम दाणे, गूळ आणि पुन्हा ती चटणी. नाशिकला आम्ही द्राक्षांच्या बागा दाखवायला पाहुण्यांना नेतो, पण बागेत माणूस पाहुणाच राहतो. इथं मला कुणी पाहुणा ठरवलंच नाही. हातात कणसं दिली आणि चोळा म्हणाले. माझे तळहात भाजले, निम्मे दाणे मातीत गेले आणि बिरूच्या चुलतीनं ते न बोलता कोंबडीकडं ढकलले.

मी बिरूला माझा जुना प्रश्न विचारला. ही मान हलवणारी गोष्ट, हा ग्रूव्ह, नेमका येतो कुठून? मी यावर बरंच वाचलेलं आहे आणि थोडं भाषण देण्याच्या तयारीतही होतो.

बिरू आगटीतलं कणीस उलटत म्हणाला, “आमच्यात बिरोबाम्होरं ढोल वाजवत्यात. घोंगडं पांघरून गडी नाचत्यात. म्हाताऱ्यांनी मला येकच सांगितलंय. नाचणाऱ्याचा पाय भुईला टेकूस्तवर ठोका द्यायचा न्हाय. वाईच थांबायचं.”

“आणि मग?”

“मग काय. द्यायचा.” तो हसला. “हुरडा गरम हाय तवर खावा की.”

चुलत्यांनी ढोल आणला. बिरूनं गळ्यात अडकवला आणि दोन-तीन ठोके दिले. प्रत्येक ठोका माझ्या अपेक्षेपेक्षा केसभर उशिरा पडला आणि त्या केसभर जागेत माझी मान स्वतःहून पुढं गेली. त्या अमेरिकन चौकडीतला टेक्सासकडचा ढोलकरी माझा देव आहे, त्याला मी तीस वर्षं नमस्कार करत आलो. मंद्रूपच्या शेतात मला पहिल्यांदा वाटलं की देवालाही कुणीतरी म्हाताऱ्यानं हेच सांगितलेलं असणार.

कुंभारी

कार्यक्रम दुपारी चारचा होता. कुंभारीच्या कामगार वसाहतीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मांडव घातलेला, त्याच मांडवात हळदीकुंकू आटोपलं की ‘धोटा’. मंडळाच्या बायकांनी या बेताला आनंदानं होकार दिला होता. मांडवाचा खर्च तोच, मग पोरांनाही वाजवू द्या. मेटलच्या मैफलीला जाताना दारात तिळगूळ मिळाल्याचा अनुभव दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही.

जेवायला सुवर्णाच्या घरी. तिच्या अम्मांनी आंबटसर वरण आणि भात वाढला. राजय्या भिंतीला टेकून बसले होते. किरकोळ अंगाचे, पांढरे केस नीट विंचरलेले. सुवर्णा वाढायला आली की ते ताटाकडे बघायचे. ती गेली की दाराकडे.

त्यांचा चष्मा एका बाजूला कलला होता. हे मला सहन होत नाही. लग्नात, बसमध्ये, कुठंही. मी खुणेनं मागितला. काडीचा स्क्रू ढिला झाला होता. आमचं तेवढ्यावर जुळलं. सुवर्णा बाहेर गेली तसा त्यांनी खिशातून फोन काढला, ती चित्रफीत लावली आणि माझ्यासमोर धरली. जन्मतः बहिरे नसल्यानं ते बोलतात, पण आवाजाचा अंदाज राहिलेला नाही.

“तुमी शिकलेले हाव,” ते फार मोठ्यानं म्हणाले. “ही कुणावर वरडायलीय?”

अम्मा हातातली वाटी घेऊन तशाच थांबल्या. मी ओठ नीट हलवत म्हणालो, “कुणावरही नाही. गाणं आहे.”

“गाणं म्हणताना त्वांड असं करत न्हाईत. मी बगितलंय की. कान असताना लई गाणी ऐकलीत मी.” त्यांनी पडद्यावर तिच्या तोंडाजवळ बोट ठेवलं. “तिला कायतरी तरास हाय. आन् मला सांगत न्हाय.”

मला वाटलं होतं की या माणसाला राग आलाय. त्याला राग आलाच नव्हता. हा माणूस दिवाळीपासून घाबरलेला होता.

मी हातातल्या त्यांच्या चष्म्याकडे बघितलं आणि मला एकदम सुचलं. “स्क्रू बारीक आहे, इथं उजेड कमी पडतो. मांडवात बसून बसवतो,” असं म्हणून मी चष्मा खिशात टाकला आणि उठलो. घरात उजेड भरपूर होता. राजय्या थोडं कुरकुरले, वहाणा घातल्या आणि आपल्या चष्म्यामागे मांडवात आले. अम्मा पदर तोंडावर धरून हसल्याचं मी पाहिलं.

पुढच्या रांगेत, उजव्या बाजूच्या स्पीकरच्या खोक्याजवळ जागा होती. तिथं बसून मी स्क्रू बसवायचा देखावा लांबवत नेला. हळदीकुंकवाच्या बायका वाणाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या, पाठीमागं शेडमधले कामगार जमले. सुवर्णा मंचावर चढली. वडिलांना बघून तिचा हात तारेवर क्षणभर अडला. मग तिनं त्यांच्याकडे सरळ बघायचं टाळलं.

‘आडवा धागा’ सुरू झालं. पहिल्या फटक्याला माझ्या शेजारच्या बाईंच्या वाणातल्या प्लास्टिकच्या डब्या वाजायला लागल्या. माग चालवणाऱ्याची सवय अशी की, यंत्र चालू दिसलं की तो त्याला हात लावून बघतो. राजय्यांनी माझ्या हातातून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला आणि उजवा तळवा शेजारच्या खोक्यावर टेकवला.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या गेल्या. तोंड थोडंसं उघडं राहिलं. बेसचा एकेक ठोका त्या तळव्यात पोचत होता आणि ते मान एका बाजूला कलवून, डोळे बारीक करून तो घेत होते. कान गेल्यापासून त्यांच्या वाट्याला काही आलं असेल तर ते फक्त हातातून, आणि आता हातातून त्यांची मुलगी येत होती.

या गाण्यात मधोमध एक जागा आहे. सगळी वाद्यं एका ठेक्यात चालता चालता एक ठोका चुकवतात. मुद्दाम. तिथं नुसती पोकळी आणि मग पुन्हा सगळं वजन एकदम. ग्रूव्ह मेटलची अर्धी जादू त्या न वाजवलेल्या ठोक्यात असते. ती जागा आली, खोकं एक ठोकाभर गप्प झालं, आणि राजय्या ताडकन उभे राहिले. तळवा वर.

डोळ्याच्या कोपऱ्यातून तो तळवा दिसताच सुवर्णानं बेस थांबवला. विचार न करता, जागच्या जागी. इरफान थांबला, बिरूचे दोन ठोके एकटेच पुढं गेले आणि तोही थांबला. मागच्या रांगांतले कामगार आपापल्या आजूबाजूला काय तुटलं ते शोधायला लागले. सगळा मांडव गप्प. कुणीतरी कार्यक्रम बंद पाडला एवढंच बाकीच्यांना कळलं. मला तर वाटलं, संपलं. मीच या माणसाला इथं आणलं.

राजय्यांनी दोन तर्जन्या जुळवल्या आणि झटक्यात वेगळ्या केल्या. धागा तुटलाय.

सुवर्णा त्यांच्याकडे बघत राहिली. दिवाळीनंतर पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले होते. तिचा चेहरा रडवेला झाला, मग तसा राहिला नाही. तिनं डोकं हलवलं, तुटलेला नाही. बेस कमरेवर सरकवून दोन्ही हात मोकळे केले, वर धरले आणि बोटं एकामागून एक खाली सोडली. नक्षी आहे.

ते उभेच. चादरीत मोर उठवायचा तर काही धागे मुद्दाम सोडावे लागतात, हे त्या मांडवातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. पण राजय्यांना हे आता मुलीनं सांगितलं होतं. त्यांनी खोक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा खोक्याकडे. मग खाली बसले, तळवा खोक्यावर ठेवला आणि डाव्या हाताची मूठ पुढं ढकलली.

माग चालू कर.

मी आजवर परदेशातल्या मोठमोठ्या मैदानांवरची चित्रणं पाहिलीत, हजारो माणसं एका लयीत उडताना. कुंभारीच्या मांडवात त्यानंतर जे झालं त्याच्या जवळपासही ती जात नाहीत. बिरूनं सगळ्यांचे पाय भुईला टेकेपर्यंत वाट बघितली आणि ठोका दिला. मिशीवाले गृहस्थ मान हलवत होते. वाण सांभाळत बायका मान हलवत होत्या. माझ्या मानेचं तर मी सुरुवातीलाच सांगितलं. ती जागा पुन्हा आली, ठोका चुकला, आणि राजय्यांनी त्या पोकळीत तर्जनी उचलली. बरोबर. त्यांना आता ती कधी येणार हे कळायला लागलं होतं. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे वळून बघायचे, ‘दिसली ना नक्षी?’ अशा नजरेनं.

गाणं संपलं तेव्हा सुवर्णाचा आवाज पार बसला होता. पुढचं गाणं इरफान आणि बिरूनं आपलं आपणच सुरू केलं आणि ती मंचाच्या कडेला घुटमळत राहिली. पाण्याची कळशी घराच्या दारात होती. ती एकदा कळशीकडे आणि एकदा वडिलांकडे बघत होती. राजय्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि मग तो मंचाकडे नेला.

ती तोंड फिरवून घराकडे धावत गेली. कितीतरी वेळ पाणीच पीत होती. ती परत येईपर्यंत राजय्यांनी खोक्यावरचा तळवा काढला नाही.